मागचं डावं चाक

९ जानेवारी, चाकण

आज दुपारी कंपनीत फोर्कलिफ्ट सुटली. उताराला उभी केली होती, चाकाखाली पाचर लावायची राहिली. म्हैस पाण्याकडं निघावी तशी हळूच निघाली, काही घाई नाही. पंडितमामांना वाटलं हातानं धरीन. मामा म्हणजे आमच्या खोलीतले फिटर, लातूरकडचे, माझ्या बापाच्या वयाचे. धरताना पाय घसरला आणि चाक बुटावरून गेलं. अंगठा काढावा लागला.

दवाखान्यात मामा म्हणाले, "माऊल्या, एवढी हळू आली रे. मी म्हणलं, एवढ्या हळू येणाऱ्याला काय भ्यायचं."

तेव्हापासून ते हळू येणारं चाक डोळ्यासमोरून हलत नाही. कंपनीच्या शेठनं वाटलेली ही डायरी पेटीत पडून होती ती काढली. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर सही सोडून काही लिहिलेलं नाही. पण बोलू कुणाला? खोलीत बोललो तर पोरं हसतील.

भ्या मामांच्या अंगठ्याचं नाही. गावाकडं गोठ्यात माझी गाडी उभी आहे, तिचं आहे.

१० जानेवारी

गाडी विकत घेतलेली नाही, जोडलेली आहे. शेठच्या ओळखीच्या एका डॉक्टरनं हौसेनं किट मागवलं होतं. पाइपाची चौकट, पत्रे, नटबोल्ट आणि कसं जोडायचं त्याचं एक जाड पुस्तक. डॉक्टर परदेशात गेला आणि खोकी आमच्या शेडमधी धूळ खात पडली. मी रोज त्यांच्याकडं बघायचो. शेवटी शेठ म्हणाला, ने बाबा एकदाची. गावाकडं रिकाम्या जाणाऱ्या ट्रकमधी टाकून नेली. पुस्तक इंग्रजीत, म्हणून चित्रं बघून जोडली. इंजिन, गिअर, ब्रेक एका ठोकर खाल्लेल्या जुन्या कारचे, ब्रेकची रबरं तेवढी नवी. सुट्टी मिळाली की जायचं आणि जोडायचं, असं दोन वर्षं चाललंय. दोन माणसं बसतील एवढीच आहे, वर टप नाही. शेजारचे बन्सीधरकाका तिला बाळंतिणीची बाज म्हणतात.

जोडताना कधी भ्या वाटलं नाही. आता चालवायची वेळ आली.

आमचं घर येलदरीच्या अलीकडं, माळावर. गाव खाली. मधी उतार आहे, सरळ, एका बाजूला मुरमाचा बांध आणि दुसऱ्या बाजूला नुसता खड्डा. उतार संपतो तिथंच मारुतीचा पार. आमच्याकडं नवं चाक घरात आलं, सायकल असू द्या का ट्रॅक्टर, पहिली फेरी मारुतीला. तेल वाहायचं, नारळ फोडायचा, मग ते चाक घरचं. म्हणजे माझी गाडी पहिल्यांदा चालणार ती उतारानं, आणि खाली पाराव पाडव्याचं पंचांग ऐकायला सगळं गाव बसलेलं असणार.

आणि शेजारच्या सीटवर माय. दिवाळीपासून तिचं एकच, "पहिल्या फेरीला मी. तुझ्या बापाच्या सायकलीवर बी पहिली मीच बसले होते."

आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, पाडव्याची मुदत दिलीय. "पाडव्याला आपल्या पायानं मारुतीला गेली आन परत आली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. म्हैस उन्हात बांधायलोय मी दोन वरसापासून."

ब्रेक लागला नाही तर काय होईल ते मी काल बघितलं. तेही एवढ्याशा उतारावर.

१५ जानेवारी, घर

संक्रांतीला आलो. तिळगूळ तोंडात टाकला आणि आधी गोठ्यात गेलो.

ब्रेकच्या तेलाची पांढरी डबी आहे, तिच्यावर दोन रेघा. तेल त्या दोन्हींच्या मधी पाहिजे. दिवाळीला मी वरच्या रेघेपर्यंत भरलं होतं. माय पायाजवळ बसून ब्रेक दाबायची, मी चाकाखाली पडून नळीतली हवा काढायचो. "दाब माय. सोड माय." ती म्हणायची, "एवढं तर शिलाई मशीनला बी दाबावं लागत न्हाई."

आज तेल खालच्या रेघेच्याही खाली. म्हणजे कुठंतरी गळतंय. सगळ्या नळ्यांवरून बोट फिरवलं, बोट कोरडंच. खाली जमीन शेणाची, त्यात भुसा, सांडलेलं जिरून जातं. चारी चाकं खोलून बघायला हवीत, पण चाकं खोलायचा पाना चाकणला राहिला. परत भरलं वरच्या रेघेपर्यंत. दुसरं काय करणार?

गळणारी जागा सापडत नाही, हे लय वाईट. साप घरात शिरताना बघितला आणि निघताना बघितला नाही, तसं झालंय.

१८ जानेवारी, शनिवार, घर

आबांचा शनिवार. सकाळी अंघोळ करून मारुतीला तेल वाहून आले की डबा घेऊन घरातल्या सगळ्या लोखंडाला तेल देत फिरतात. विहिरीचा रहाट, कडबा कापायचं यंत्र, दाराच्या बिजागऱ्या, मायची शिलाई मशीन. देवाला दिलं आणि घरच्या लोखंडाला नाही दिलं तर शनी बघतो म्हणे. आजोबापासूनची रीत. तेल म्हणजे बन्सीधरकाकांच्या ट्रॅक्टरचं, लाल डब्यातलं.

"लोखंडाला बी तान लागती," आबा म्हणतात.

माय ओरडते, "मशीनला घोटभरच पाजा, मालक! परवा चांगुणाबाईच्या पोलक्यावर डाग पडला. ती म्हणती, शिवलंय का तळलंय?"

मी म्हणलं, "आबा, गाडीच्या दारालाही दोन थेंब टाका की."

"त्या भंगाराला मी हात लावायचा न्हाई. सांगितलंय न्हवं?"

परत विचारलं नाही. उद्याची गाडी आहे.

२ फेब्रुवारी, चाकण

झोप नीट नाही. कंपनीच्या बसमधी बसलो की ड्रायव्हरनं ब्रेक मारायच्या आधी माझा पाय खाली दाबतो. आज पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "दादा, काय खड्डा पाडताय का?"

माय फोनवर म्हणाली, पाडव्याला नेसायची साडी काढून ठेवलीय. हिरवी.

मी म्हणलं, "माय, पहिल्या फेरीला मी एकटाच जाऊ का?"

"भ्या वाटायलंय का तुला?"

"नाही."

"मंग?"

ड्युटीची वेळ झाली म्हणून मी फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी, घर

शिवरात्रीला जोडून दोन दिवस मिळाले. दोन चांगल्या गोष्टी झाल्या.

एक, इंजिन चालू झालं. आधी धूर, मग खोकला, मग एकदम गोठा हलला. म्हशीनं दावं तोडलं ती थेट बन्सीधरकाकांच्या हरभऱ्यात. आबा शिव्या देत तिच्यामागं पळाले. माय मात्र गाडीत बसून टाळ्या वाजवत होती, "चालू ठिव, चालू ठिव!"

दुसरी, ब्रेकचं तेल जसंच्या तसं. वरच्या रेघेला भरलं होतं, आता तर रेघेच्या थोडं वरच दिसतंय. म्हणजे गळती आपोआप थांबली. पंडितमामा म्हणायचे, नवीन रबर बसायला वेळ घेतं. तसं झालं असेल. तेल जरा काळपट वाटलं, पण दिवस झाले, रंग उतरणारच.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन घास जास्त खाल्ले.

गाडीवर कुणीतरी जुनं धोतर पांघरून ठेवलंय, चिमण्या घाण करतात म्हणून. मायला विचारलं तर म्हणाली, "मला कुठं येळ हाय?" तिला आवडत नाही केलेलं सांगायला.

२८ फेब्रुवारी, घर

निघताना चाकं हातानं फिरवून बघितली. दिवाळीला एका बोटानं फिरत होती. आज दोन्ही हात लावावे लागले. बेअरिंग सुकलं असेल. आबा उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, "मागचं डावं बरं फिरतंय. बाकीची जाम."

मी म्हणलं, "तुमाला काय माहीत?"

"दिसायलंय की मला. आंधळा हाय का मी?" आणि आत गेले.

सारखं चुका काढायला बघत असतात.

१३ मार्च, चाकण

मामा आज काठी घेऊन कामावर आले. बसल्या जागी करायचं काम दिलंय. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. उतार, पार, माय, सगळं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"हातब्रेकची तार बसवली का?"

"पायाचा ब्रेक आहे की मामा. हातब्रेक नंतर बसवणार होतो."

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "माऊल्या, माझा पाय बघ. पायाचा ब्रेक तेलावर चालतो. तेल गेलं की गेला. हाताचा ब्रेक तारेवर. तार दिसती, हाताला लागती, तुटली तर कळती. दोन्ही बसवल्याबिगर तुझ्या मायला त्यात बसवू नको. बसवलीस तर माझ्याशी बोलू नको."

संध्याकाळी भोसरीला जाऊन तार आणली. दोन पट्टे पण आणले, सीटला बांधायचे. तार दुकानातच ताणून ताणून बघितली. दुकानदार म्हणाला, "पहिलीच गाडी का?"

२८ मार्च, घर

दिवसभर तार बसवली. ओढली की मागची चाकं धरतात. परत परत ओढून बघितली, माय शेवटी म्हणाली, "आता ती तार झिजंल." पट्टेही बांधले.

गावात सगळ्यांना माहीत झालंय. बन्सीधरकाका जाता जाता, "माऊली, परवा पाराव बाज येणार म्हणं? आमी पंचांग ऐकायला येऊ का बाज बघायला?"

 जेवून झाल्यावर आबा हात धुताना म्हणाले, "उतारानं गाडी सोडताना आमी बैलाच्या म्होरं आपण व्हायचो. गाडी सुटली तर आदी आपल्या अंगावर यावी."

हे मला कशाला सांगितलं काय माहीत. घाबरवायलाच.

२९ मार्च, शनिवार, घर

शनिवार आणि अमावास्या एकाच दिवशी. आबा सकाळपासून तेलातच. मारुतीला दोनदा जाऊन आले. घरातलं एकही लोखंड सोडलं नाही, विळ्याला आणि अडकित्त्यालासुद्धा दिलं. मी तोवर जिंतूरला पेट्रोल आणायला गेलो होतो.

दुपारी अंगणात गाडी चालवली. चालवली म्हणजे दारापासून बाभळीपर्यंत आणि परत. चाकावर आपण बसलोय आणि जमीन मागं चाललीय, हे कसं वाटतं ते मला सांगता येत नाही. पण मला तेवढा वेळ आनंद झाला नाही, कारण सगळा जीव पायात होता.

ब्रेक असा कडक की पाय टेकवला की गाडी जागची हलत नाही. सोडल्यावरही जरा धरूनच राहते. डबी काठोकाठ. बाभळीपाशी थोडा जळका वास आला, नवा रंग तापला असेल.

ब्रेक एवढा घट्ट असताना भ्यायचं काय? असं मी स्वतःला सांगतोय. ऐकतोय कोण.

मायनं साडीला इस्त्री केली, तांब्याच्या तळाशी निखारे घालून.

३१ मार्च, घर

काल लिहिता आलं नाही.  आज सगळं लिहितो.

पाडव्याला सकाळी गुढी उभी केली, कडुलिंब खाल्ला. गाडी अंगणात आणली. आबांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. ते ठेवतील असं वाटलं नव्हतं. माय हिरवी साडी नेसून, तेलाची वाटी आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. चांगुणाबाई, बन्सीधरकाका, माळावरची सगळी जमली. मायनं एक पाय उचलला.

आबा म्हणाले, "थांब. आदी मी."

"कामून? माझं दिवाळीपासून ठरलंय."

"घरचा मालक मी हाय का तू?"

"सायकलीवर मी बसले होते तवा कुठं गेलता मालक?"

"तवा आपण खाली गावात ऱ्हायचो, उतार नव्हता," आबा म्हणाले आणि नारळ घेऊन बसलेसुद्धा. माय एवढी चिडली की ताट घेऊन पायवाटेनं एकटीच खाली निघाली. "या तुमी बापलेक! मी मारुतीपाशी हाय." मलाही राग आला. दोन वर्षं हात लावला नाही, आणि मानाला पुढं.

पट्टा लावा म्हणलं तर, "दावं बैलाला बांधत्यात." मी माझा लावला.

बन्सीधरकाका आबांना ओरडले, "लिंबाजी, धरून बस, बाज हाय ती!" लोक हसले. लिंबं चिरडली. निघालो.

सपाटीवर नीट चालली. वाऱ्यानं आबांच्या टोपीचं टोक हलत होतं. मी एकदा बाजूला बघितलं. ते रस्त्याकडं बघत नव्हते, माझ्या पायाकडं बघत होते.

मग उतार. पहिल्यांदा दाबला, लागला. जळका वास आला. थोडं पुढं दुसऱ्यांदा दाबला, लागला, पण पायाखाली मऊ. मी स्वतःला म्हणलं, आहे, आहे. तिसऱ्यांदा दाबला आणि पाय पत्र्यापर्यंत गेला. मधी काहीच नव्हतं. पाण्यात पाय टाकावा तसा.

खाली पार दिसत होता. पंचांग वाचायचं चाललं होतं, पोरं पुढं बसलेली. बाजूला पायवाटेचं तोंड आणि तिथं हिरवी साडी.

"माऊली, दाब," आबा म्हणाले. अगदी हळू.

"दाबलाय आबा."

 गाडी वेग घ्यायला लागली. वेग लय नव्हता, पण थांबत नव्हता. मला मामांचं तोंड दिसलं. हातब्रेक आहे हे मी विसरलो होतो. देवाशपथ विसरलो होतो, इतक्या वेळा ओढून बघितलेला. हातच आपणहून गेला. दोन्ही हातांनी ओढला. मागची चाकं धरली, गाडीनं ढुंगण फिरवलं आणि आम्ही बांधावर गेलो. खड्ड्याच्या बाजूला गेलो असतो तर हे लिहायला कुणी नसतं.

आवाज झाला, माती उडाली, मग एकदम शांत. इंजिन तेवढं चालू.

डोळे उघडले तर माझ्या छातीवर आबांचा हात आडवा. मला पट्टा होता. त्यांना नव्हता. तरी त्यांनी स्वतःला न धरता मला धरलं होतं. हात मनगटात वाकडा झालेला, आणि त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

"इंजिन बंद कर," म्हणाले. मग, "लागलं का तुला?"

मांडीवरचा नारळ पत्र्यावर आपटून फुटला होता. आबांच्या धोतरावर सगळं पाणी. आधी मला वाटलं रक्त आहे. मग वास आला. लोक धावत आले, माय सगळ्यांच्या पुढं, अनवाणी. आबांचा हात बघितला आणि तिनं गाडीला लाथ मारली. मग मला बघितलं आणि मलाही एक ठेवून दिली. मग खाली बसून रडली.

जिंतूरला नेलं. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलं.

आज सकाळी भंगारवाला आला. आबांनीच आधी सांगून ठेवला होता. बाजेवर पडल्या पडल्या त्याला म्हणाले, "आज न्हाई."

"पाडव्यानंतर या म्हणला होता तुमी."

"ती मारुतीला अर्धीच गेली. मंग सौदा बी अर्धाच. जावा तुमी."

भाव पडलेला असेल म्हणून परत पाठवला असेल. मला काही कळत नाही. मायला विचारलं, आबा कामून बसले गं तुझ्या जागी? ती म्हणाली, "माझ्यावर जळतंय त्याला, दुसरं काय?"

१ एप्रिल, घर

ब्रेक खोलला.

आतली रबरं फुगून दुप्पट झालीत, फणसाच्या गऱ्यासारखी. एक मधून फाटलंय. बोट लावलं आणि वास घेतला. हा वास मी लहानपणापासून ओळखतो. रहाटाचा वास. शिलाई मशीनचा वास. आमच्या घरातल्या प्रत्येक शनिवारचा.

ट्रॅक्टरचं तेल. ब्रेकच्या रबराला ते चालत नाही, रबर फुगतं, आधी ब्रेक धरून ठेवतं आणि मग फाटतं. एवढं मला मामांमुळं माहीत होतं. डबीत बघितलं तर माझ्या तेलावर ते वेगळं तरंगतंय. शनिवारी, शनिवारी कुणीतरी डबी बघत होतं. कमी झाली की भरत होतं. धोतर पांघरत होतं. चाकं हातानं फिरवून बघत होतं.

मी तो लाल डबा उचलला आणि ओरडतच अंगणात गेलो. काय ओरडणार होतो तेही ठरलेलं होतं. माय बसली असती त्यात. पाराव पोरं होती.

आबा बाजेवर झोपले होते, प्लास्टरचा हात छातीवर. दुसऱ्या हाताच्या नखांत तेलाची काळी रेघ. अंघोळीनंही जात नाही ती.

उभा राहिलो. डबा परत जागेवर ठेवून आलो.

जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "कशानं झालं?"

"रबर जुनं होतं, आबा. जुन्या गाडीचंच बसवलं होतं मी."

"तेल तर भरलेलं होतं."

"व्हय. तेल भरलेलं होतं."

२ एप्रिल, घर

आता दुसरं भ्या. नवीन रबरं टाकून मी जाईन चाकणला. शनिवार येईल. हे परत डबा घेऊन जातील. सांगितलं तर हा माणूस परत गाडीकडं बघणार नाही, आणि काय झालं असतं ते मनात घेऊन मरेपर्यंत बसेल. मला माहीत आहे तो. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी माय बसलेली असेल.

दिवसभर हेच. भाकरी गेली नाही.

३ एप्रिल, घर

सकाळी जिंतूरहून रबरांचा संच आणि ब्रेकच्या तेलाची छोटी बाटली आणली. हातब्रेक धरून, बन्सीधरकाकांच्या ट्रॅक्टरनं गाडी गोठ्यात आणली होती, तिला रबरं बसवली. नळ्या, डबी सगळं धुऊन घेतलं. मायनं ब्रेक दाबला. 

मग बाटली घेऊन आबांपाशी गेलो. 

"आबा, मी परवा जाणार. गाडीचं तेल बघत जा शनिवारी. रेघेच्या खाली गेलं तर यातलं टाका. फक्त यातलं."

"मला काय कळतंय त्यातलं? मी हात लावतोय का तिला?"

"लावा आता."

त्यांनी बाटली चांगल्या हातात घेतली. उन्हात धरली. आतलं तेल पातळ, मधासारखं. टोपण उघडून वास घेतला.  कडबा यंत्रापाशी लाल डबा होता, त्याच्याकडं बघितलं.

"हे येगळं असतंय व्हय?"

"व्हय."

"आन दुसरं टाकलं तर?"

मी मायकडं बघितलं. ती चुलीपाशी पाठमोरी होती, पण तिचं लाटणं थांबलं होतं.

"रबर जुनंच होतं, आबा," मी म्हणलं.

ते उठले. बाटली घेऊन देवघरात गेले. मारुतीच्या तसबिरीपाशी, दिव्याच्या तेलापासून हातभर लांब, वेगळी ठेवली. बाहेर आले आणि अंगणाकडं तोंड करून बसले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मायनं ताट तिथंच नेऊन ठेवलं.

५ एप्रिल, शनिवार, रेल्वेत

निघताना आबा गोठ्याच्या दारात बसले होते. आज रहाटाला तेल नाही, बिजागऱ्यांना नाही. लाल डबा दिसलाच नाही. सांगितलं नाही ते बरं केलं का वाईट, कळत नाही. मला वाटतं सांगितल्यासारखंच झालं.

१२ एप्रिल, शनिवार, चाकण

आज हनुमान जयंती. दुपारच्या सुट्टीत घरून फोन आला. मायचा असेल म्हणून उचलला, तर आबा. आबा फोन करत नाहीत. 

"माऊली, तेल खाली गेलंय. रेघेच्या खाली."

"टाकलं का मग?"

"बाटलीतलं टाकलं. चमच्यानं. रेघेपर्यंत, वर न्हाई." जरा थांबले. "पण मी म्हणलं, हे जातंय कुठं? तुझ्या गोठ्याची जमीन तर सगळं गिळती. म्हणून चारी चाकांखाली पेपर टाकून ठिवले व्हते सोमवारपासून, वर दगड. रोज बघायलोय. तीन कोरडे. मागचं डावं, त्याचा पेपर वला हाय. रुपयाएवढा डाग."

मी संक्रांतीपासून शोधत होतो.  शेजारी पंडितमामा डबा खात होते, ते खुणेनं विचारत होते, काय झालं, काय झालं.

"ऐकायलास का?"

"ऐकतोय आबा."

"त्या चाकाचं रबर घिऊन ये. दोन आण, एक जास्तीचं. आन अखजीच्या सणाला येणार आसशील तर तुझ्या मायला आत्ताच सांगू नको. साडी काढून बसंल. आदी आपण दोघं जाऊ. दोनदा जाऊ, तीनदा जाऊ. मंग तिला बसवू."

"आणि पट्टा?"

तिकडून म्हशीचा आवाज आला.

"लावतो," आबा म्हणाले.